शाळा सोडण्याचे कारण

आमच्या हायस्कूलचा अमृतमहोत्सव करायचं ठरलं आणि पहिल्याच बैठकीत वाद पेटला तो सालावरून. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर जी कोनशिला आहे तिच्यावर एक साल, आणि संस्थेच्या लेटरहेडवर त्याच्या चार वर्षं आधीचं. कोनशिलेचं धरलं तर महोत्सवाला अवकाश होता, लेटरहेडचं धरलं तर तो चालू वर्षातच उरकायला हवा होता. संस्थेची निवडणूकही चालू वर्षातच होती, त्यामुळे कोणत्या संचालकाला कोणतं साल खरं वाटत होतं हे वेगळं सांगायला नको. शेवटी चेअरमन माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही आता मोकळ्याच आहात. जरा कागदं बघा आणि काय ते सांगा. आणि बघताच आहात तर स्मरणिकेत शाळेचा इतिहासपण लिहून टाका. दहा-बारा पानं बास."

मी याच शाळेची, १९८८ च्या दहावीच्या बॅचची. बँकेत नोकरी केली, स्वेच्छानिवृत्ती घेऊन आईजवळ गावी राहायला आले. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. म्हणजे विटा जवळ, पाऊस लांब. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यामुळे जुन्या कागदांची मला भीती नव्हती. शाळेचा इतिहास म्हणजे संस्थापकांचे फोटो, आजी-माजी अध्यक्षांची यादी, दोन-चार माजी विद्यार्थ्यांची मनोगतं, अशीच माझीही समजूत होती. जनरल रजिस्टर उघडेपर्यंत.

ते उघडायलाही सहजासहजी मिळालं नाही. मुख्याध्यापकांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चहा आल्यावर दार लोटून घेत हळूच विचारलं, "ताई, नक्की कुणाची नोंद बघायचीय?" मला आधी काही उलगडा होईना. मग लक्षात आलं. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला सगळीकडची जुनी दप्तरं बाहेर निघाली, तेव्हापासून शाळेचं रजिस्टर बघायला येणारा माणूस एकाच कामासाठी येतो असं सर धरून चालतात. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. पुढे रजिस्टरं हातात आल्यावर तर हे डोळ्यांनीच दिसलं. १९६७ पर्यंतच्या पानांच्या कडा चघळल्यासारख्या झाल्यात, कोपरे गेलेत, मधेमधे चिकटपट्ट्या. १९६८ पासूनची पानं अजून कडक. आपल्याकडे इतिहासाची गोडी दाखल्यापुरतीच, असं मी म्हटलं तर सर हसले आणि किल्ल्या काढून दिल्या. अटी दोन घातल्या: वही ऑफिसच्या बाहेर न्यायची नाही, आणि मोबाइलवर पानांचे फोटो काढायचे नाहीत. दोन्ही रास्त. त्या पानांवर लोकांच्या जाती आहेत, वडिलांचे धंदे आहेत. या लिखाणातही मी कुणाचं नाव घालत नाहीये ते त्यामुळेच.

ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. जनरल रजिस्टरमध्ये एका मुलाला एक आडवी ओळ. क्रमांक, पूर्ण नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, मग प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, शेरा. ही वही कधीच रद्दीत काढायची नसते. बाकीचं दप्तर मुदत संपली की जाळलं किंवा विकलं जातं, ही राहते. पहिलं रजिस्टर कापडी बांधणीचं, टाकानं लिहिलेलं. निळी-काळी शाई आता तपकिरी झालीय. अक्षर सुंदर पण आजच्या डोळ्यांना अवघड. म्हणून मी आमच्या जुन्या क्लार्कना बोलावून घेतलं. गावात सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, पण अक्षर बघून ते कोणत्या मास्तरांचं हे अजून अचूक सांगतात.

सालाचा वाद पहिल्याच बैठकीत मिटला, म्हणजे माझ्या आणि भाऊसाहेबांच्या. पहिली नोंद लेटरहेडच्याच सालातली, जून महिन्यातली. वर्ग मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरत होते. आवक रजिस्टरात खात्याची मान्यता आली ती त्याच्या दोन वर्षांनी. कोनशिला बसली ती इमारत झाल्यावर, आणखी दोन वर्षांनी. मान्यता नसताना, छप्पर नसताना आठवीचा वर्ग चालू केला आणि मुलं नोंदवून घेतली, हे त्या माणसांचं धाडसच. त्याआधी आमच्या गावात शिक्षण सातवीपर्यंत, व्हर्नाक्युलर फायनल दिली की संपलं. पुढं शिकायचं तर तासगाव, सातारा, सांगली असं बाहेर पडायला लागायचं. संस्थापकांपैकी दोघं साताऱ्याला शाहू बोर्डिंगात राहून शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली, १९४० मध्ये सयाजीराव हायस्कूल काढून पोरांना काम करून शिकायला लावलं. आमची संस्था रयतची नव्हे, गावानं काढलेली. पण ओवरीत शाळा भरवायला लाज वाटायचं कारण नाही, हे त्या दोघांनी साताऱ्यात पाहिलेलं होतं.

पहिल्या रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना वाचताना मी मोठ्यानं हसले. पानंच्या पानं एक जून. गावात एवढी पोरं एकाच दिवशी जन्मली असती तर सुईणींचा संप झाला असता. प्राथमिक शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता यायची नाही, मास्तर वयाचा अंदाज घेऊन एक जून टाकून मोकळे व्हायचे. तीच तारीख पुढं हायस्कुलात, तीच नोकरीत. आमच्या भागात ३१ मेला निवृत्तीचे सत्कार अजूनही एका मांडवात उरकता येतील इतके असतात.

जन्मस्थळाच्या रकान्यात आणखी एक गंमत. तिघं सख्खे भाऊ, एकाच घरात जन्मलेले. थोरल्याचं जन्मस्थळ जिल्हा सातारा, मधल्याचं जिल्हा दक्षिण सातारा, धाकट्याचं जिल्हा सांगली. १९४९ मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग तोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. घर हललं नाही.

धर्म-जातीच्या रकान्यात १९५६ नंतर काही ओळींवर तांबड्या शाईच्या रेघा येतात. 'हिंदू महार' खोडून वर 'बौद्ध', शेजारी तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. नागपूरला १४ ऑक्टोबरला जे झालं ते आमच्या ओढ्यापलीकडच्या वस्तीत किती लवकर पोचलं, हे त्या तारखांवरून कळतं. भाऊसाहेब म्हणाले, ती पोरं वडिलांना घेऊन यायची, वडील ओट्याखालीच उभे राहायचे, पोरगं मात्र आत येऊन टेबलाजवळ उभं राहायचं आणि "सर, आमची नोंद बदला" म्हणायचं. मी हा मजकूर स्मरणिकेत घातला. त्यावरून पुढं चर्चा झाली. ती पुढं सांगते.

फी रजिस्टर माझ्या आवडीचं, पैशाचं म्हणून. १९५७ च्या मार्चपर्यंत रुपये-आणे-पै असे तीन रकाने. एक एप्रिलपासून देशात नवे पैसे आले, पण छापील वही जुनीच शिल्लक होती. ती संपेपर्यंत लेखनिकानं प्रत्येक पानावर 'आ.' आणि 'पै' वर काट मारून 'न.पै.' लिहिलंय. काटकसर म्हणजे काय ते बघावं. थोडं पुढं गेलं की फीच्या आकड्यांच्या जागी जांभळा शिक्का दिसायला लागतो: ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासवर्ग. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी माफ केली, तिचा शिक्का. १२०० च्या वर उत्पन्न आमच्या गावात सावकार, दोन दुकानदार आणि स्वतः मास्तर सोडले तर कुणाचं असणार? पहिलं रजिस्टर भरायला जितकी वर्षं लागली त्याच्या निम्म्यात दुसरं भरलं. नवीन आडनावं दिसायला लागली, वाड्या-वस्त्यांची नावं दिसायला लागली. मला विचाराल तर आमच्या शाळेची खरी पायाभरणी त्या शिक्क्यानं झाली, पण शिक्क्याचा फोटो स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर घ्या म्हटलं तर कोण ऐकतंय!

सूचना वही हा प्रकार मात्र कोणी शाळेचा इतिहास लिहायला घेतलाच तर अजिबात सोडू नये. ही वही शिपाईमामा वर्गावर्गात फिरवायचे, चालू तासाचे सर सूचना मोठ्यानं वाचायचे आणि शेजारी सही करायचे. तिची काही मूल्यवान दप्तरात गणती नाही, त्यामुळे बहुतेक शाळांत ती उरत नाही. आमच्याकडे उरली कारण कुणीतरी ती प्रयोगशाळेच्या कपाटाच्या पायाखाली टेकण म्हणून सरकवली होती. कपाट उचलून आम्ही ती काढली, कपाटाला वीट दिली.

तिच्यात एका पानावर देश आणि शेजारच्या पानावर विहिरीचा कठडा. १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षण निधी गोळा करायची सूचना, वर्गवार रकमा. लगेच खाली, मुलांनी विहिरीच्या कठड्यावर बसून डबा खाऊ नये. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी ताश्कंदला गेले त्याची दुखवट्याची सुटी, आणि दुसऱ्या दिवशी देवीची लस टोचायला डॉक्टर येणार म्हणून लांब बाह्यांचे सदरे घालून न येण्याबद्दलची सूचना. ही विहिरीची सूचना दरवर्षी नेमानं येते, म्हणजे ती कुणीही पाळली नाही. मी शाळेत होते तेव्हाही आम्ही कठड्यावरच बसायचो.

११ डिसेंबर १९६७ च्या पानावर सूचना अशी आहे की कौलारू खोल्यांत कोणीही जाऊ नये, वर्ग पटांगणात भरतील. बाकी काही नाही, कारणसुद्धा लिहिलेलं नाही. त्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला होता. कारण लिहायची गरज कुणाला होती? भाऊसाहेब तेव्हा नुकते नोकरीला लागलेले. ते सांगतात, सकाळी शाळेत आले तर कौलं सरकून वर्गात ढीग पडलेला, आणि फळ्यावर शनिवारचं बीजगणित जसंच्या तसं. कडुनिंबाखाली वर्ग भरायचे ते संक्रांतीनंतरही चालू राहिले. आत बसायला पोरं तयार होती, पालक तयार नव्हते.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी सगळ्यात जास्त वेळ 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशीच थांबते. बँकेची सवय, खातं बंद का झालं ते आधी बघायचं. मी घरी एक्सेलमध्ये नावं वगळून नुसती सालं आणि कारणं भरत गेले. कारणं ठरावीकच. शिक्षण पूर्ण. परगावी गेल्याने. वडिलांच्या विनंतीवरून. शेतीकामासाठी. लग्न झाल्याने. मयत. आणि सगळ्यात जास्त वेळा येणारं: सतत गैरहजर राहिल्याने नाव कमी केले. पण सालाप्रमाणे लावल्यावर ती ठरावीक राहिनात. एखाद्या वर्षी एकच कारण ओळीनं पानभर यायचं.

१९७२-७३ हे तसं वर्ष असणार असं मी धरून चालले होते. दुष्काळ, खडी फोडायची कामं, पाझर तलाव, नालाबांध. शाळेतली पोरं रोज कामावर. म्हणजे त्या वर्षी 'नाव कमी केले'चा पाऊसच हवा. प्रत्यक्षात तसं काहीच नाही. उलट आधीच्या वर्षीपेक्षा नावं कमी गेलेली. हे कसं ते कळेना, तेव्हा भाऊसाहेबांनी हजेरीपट काढायला लावला. हजेरीपटात नववीच्या एका तुकडीत निम्म्या ओळींवर 'ग', 'ग', 'ग', सलग महिनोन्महिने. नियमानं पोरगं असं गैरहजर राहिलं की नाव काढायचं असतं. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी काढलं नाही. कामावरच्या मस्टरवर पोराचं नाव, शाळेच्या हजेरीपटावरही नाव. भाऊसाहेब म्हणाले, "साहेब तपासणीला आलं. विचारलं, ही पोरं कुठायत? सर म्हणालं, तलावावर. चला, दाखवतो. साहेब गेलं, बघितलं, शेरेबुकात काय लिहिलं नाही." ते शेरेबुक मी पाहिलं. त्या तपासणीत वाचनालय, शौचालय, क्रीडांगण सगळ्यावर शेरे आहेत, पटावर नाही. जून १९७३ मध्ये त्याच ओळींवर परत हजेरीच्या खुणा सुरू होतात. सगळ्या नाही, पण बऱ्याच.

त्या साली माझी आई तलावाच्या कामावर होती, मी तिच्या पोटात. सुकडी (दुष्काळी कामावर मिळणारं कोरडं खाणं) आणि मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) हे शब्द आमच्या घरात अजून शिवीसारखे वापरले जातात.

१९७५ चं पान वेगळ्याच कारणानं गंमतीचं. त्या मार्चमध्ये जुन्या अकरावीची शेवटची एस.एस.सी. आणि नव्या दहावीची पहिली एस.एस.सी. एकदमच झाली. त्यामुळे थोरला भाऊ अकरावीतून आणि धाकटा दहावीतून एकाच वर्षी एस.एस.सी. झाले, अशा जोड्या आमच्या रजिस्टरात सापडतात. एका घरात धाकट्याला जास्त टक्के पडले, तर त्यांच्यात अजून लग्नकार्यात तो विषय निघतो म्हणे. नव्या अभ्यासक्रमात गणित आणि शास्त्र सगळ्यांना सक्तीचं झालं आणि शाळेला अचानक शास्त्राच्या शिक्षकांची, उपकरणांची गरज पडली. डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, एका वर्षात जेवढी काचसामग्री आली तेवढी आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून आलेली नाही. आणीबाणी त्याच वर्षीची. तिच्याबद्दल सूचना वहीत वीस कलमी कार्यक्रम पाठ करून घ्यावा एवढंच.

मुलींची पानं मी मुद्दाम मागं ठेवली होती. पहिल्या रजिस्टरात मुली अगदी मोजक्या, आणि त्यांच्या ओळींच्या शेवटी 'लग्न झाल्याने'. एकीच्या ओळीत मात्र 'शिक्षण पूर्ण, एस.एस.सी. उत्तीर्ण'. एस.एस.सी. होणारी आमच्या शाळेची पहिली मुलगी. तिचा माग काढायचा तर रजिस्टरात माहेरचं नाव, आणि माहेरचं घर आता बंद. भावकीतल्या एकाकडून दुसऱ्याकडे करत नंबर मिळाला. पुण्यात लेकाकडे असतात. गावची लेक म्हणून मी त्यांना आत्या म्हटलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, "तू कुणाची गं?" आजोबांचं नाव सांगितल्यावर, "म्हणजे चिंचेखालच्या घरातली. बोल."

त्यांना मी काय विचारणार, त्याच सांगत गेल्या. "आम्ही दोघीच वर्गात. मधल्या सुटीत आम्ही मास्तरांच्या खोलीत बसायचो. तास झाला की मास्तर पुढं, आम्ही पाठोपाठ. मास्तर आत, मग आम्ही आत. तास संपला की परत तसंच. आमचं बाक वेगळं, मास्तरांच्या टेबलाला लागून. त्यामुळं आम्हाला फळा तिरका दिसायचा. भूमितीच्या आकृत्या मी अजून तिरक्याच काढते." दुसरीचं काय झालं? "तिचं दहावीत लग्न. नवरा चांगला होता तिचा, पण तो शाळेत पाठवणारा नव्हता." परीक्षेचं केंद्र लांब, मग राहायचं कुठं? "मास्तर आणि मास्तरीणबाई दोघं माझ्यासोबत आले. मास्तरीणबाईंच्या माहेरी राहिलो. माझे वडील म्हणाले होते, बाई बरोबर असली तरच पाठवीन. तर मास्तरांनी बायकोलाच न्यायचं ठरवलं. तिचं पोर तान्हं होतं." आत्यांनी पुढं पी.टी.सी. हा प्राथमिक शिक्षकांचा कोर्स केला, प्राथमिक शाळेत नोकरी केली. फोन ठेवताना म्हणाल्या, "माझा फोटो छापू नका हं. त्या मास्तरीणबाईंचा असला तर छापा." आम्ही शोधला. त्यांच्या घरच्यांकडेही एकटीचा म्हणावा असा फोटो निघाला नाही.

'लग्न झाल्याने' हे कारण ऐंशीच्या दशकात विरळ होत गेलं. मुलींची फी माफ झाली, नंतर अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट झाला. आमच्या वर्गात मुली जवळजवळ मुलांइतक्या होत्या. पण आमच्याच काळात मुलांच्या ओळींमध्ये एक दुसरंच कारण पसरायला लागलं होतं. परराज्यात गेल्याने.

खानापूर-आटपाडीकडच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. गलाई. सोन्या-चांदीच्या दुकानांतली झाडलोट, माती, जुने दागिने गाळून-आटवून शुद्ध सोनं-चांदी काढायचा धंदा. आमच्या भागातली माणसं तो करायला देशभर गेली, तमिळनाडू, केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत. पाऊस देत नव्हता ते मूस आणि भट्टीनं दिलं. गावातला एक जण गेला की तो भाच्याला नेतो, भाचा चुलतभावाला. रजिस्टरात हे स्पष्ट दिसतं. आठवी-नववीतून दिवाळीनंतर दोन-तीन दाखले एकाच तारखेला काढलेले, तिघंही एकाच आळीतले. म्हणजे दिवाळीला गावी आलेल्या मामानं जाताना घेऊन गेलेले. दाखला तरी कशाला काढला, तिकडे काही शाळेत जायचं नव्हतं, असं मी विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "वयाचा पुरावा म्हणून."

त्यानंतरच्या वर्षांबद्दल लिहायला मला फार सुचलं नाही हे खरं. २००० पासून शिक्षणसेवक आले. २०११ च्या ऑक्टोबरात पटपडताळणी झाली, सगळ्या राज्यात एकाच वेळी पोरं मोजली, बोटाला शाई लावली. आता नोंदी ऑनलाइन होतात, आधार नंबर लागतो, आईचं नाव लागतं. ते आईचं नाव जुन्या रजिस्टरात कुठंच नाही याची चुटपुट मला सगळा वेळ लागून राहिली होती. पट घटतोय, सकाळी पिवळ्या गाड्या येतात आणि पोरं विट्याला इंग्रजी माध्यमात घेऊन जातात. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरतात तेव्हा, पुढच्या वर्षी किती शिक्षक उरतील याची चिंता सर रोज बोलून दाखवतात. तिथं इतिहास कसला लिहायचा, तो चालू आहे.

मजकूर लिहून झाला तो दहा-बारा पानांच्या कितीतरी पुढं गेला. समितीपुढं वाचला. पहिला आक्षेप तांबड्या शाईच्या नोंदींवर आला. "जुनं कशाला उकरायचं?" एक संचालक म्हणाले, त्याला उत्तर दुसऱ्याच एका संचालकांनी दिलं. त्यांच्या वडिलांची ओळ त्या पानांत होती. "उकरायचं काय त्यात? सहीशिक्क्याचं हाय की. राहू द्या." ती राहिली.

खरी अडचण चेअरमनना होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, लिहिलंय चांगलं. पण निम्मं लिखाण शाळा सोडून गेलेल्या पोरांवर आहे. आपल्याकडनं शिकून कलेक्टर झाले, डॉक्टर झाले, त्यांचं लिहा की. नाव कमी केलेल्यांचं काय लिहायचं?" मी वाद घातला नाही. देणगीदारांची यादी मागितली. स्मरणिकेचं ते सगळ्यात मोठं प्रकरण, रक्कम उतरत्या क्रमानं लावलेलं. मी ती यादी आणि रजिस्टर शेजारी ठेवून चेअरमनना एकेक ओळ दाखवत गेले. नव्या सभागृहाचे पैसे देणारे, आठवीतून, परराज्यात गेल्याने. संगणक खोली, नववीतून, सतत गैरहजर. महोत्सवाचा मांडव आणि जेवणावळ, तीही आठवीतून, सोबत धाकटा भाऊ सातवीतून. डॉक्टर आणि साहेब यादीत खाली होते, बऱ्याच खाली. चेअरमननी चष्मा काढून पुसला आणि छापखान्याला फोन लावला. पानं वाढवायचे किती होतात ते विचारायला.

स्मरणिका निघाली, महोत्सव झाला, निवडणूकही झाली. महोत्सवाच्या दिवशी ऑफिससमोर रांग लागली ती रजिस्टरातली आपली ओळ बघायला. सरांनी त्यासाठी वेगळं टेबल टाकलं होतं, ज्याची त्याला ओळ दाखवायची, बाकी पान कागदानं झाकायचं. माणसं सोडण्याचं कारण वाचायची आणि तिथल्या तिथं खुलासे करायची. कोइमतूरहून आलेले एक गृहस्थ, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, बायकोला सांगत होते, "सतत गैरहजर लिवलंय बघ. मी एकच आठवडा गैरहजर होतो. बाकीचे दिवस सरांनीच हाकलला होता."

त्यांनीच नंतर फोन करून नवीन काम लावलं. स्मरणिका घरी नेली, पण पोरांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तमिळ शाळेत शिकलेली. "ताई, तुम्हीच वाचून पाठवा की व्हॉट्सॲपवर." तेव्हापासून मी थोडं थोडं वाचून आवाज रेकॉर्ड करते आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकते. स्वयंपाकघरातच बसते, तिथं वाऱ्याचा आवाज कमी येतो. दुष्काळाचा भाग वाचत होते तेव्हा आई भाजी निवडत होती. मिलोच्या काळ्या भाकरी, असं मी वाचलं तर ती मधेच म्हणाली, "काळ्या कुठल्या, तांबड्या. आणि भाकरी थापायलाच यायच्या नाहीत, तुटायच्या." ते रेकॉर्डिंग तसंच पाठवलं. त्यावर वाराणसीहून एकानं लगेच लिहिलं, काकू बरोबर सांगतायत, आणि सुकडीबद्दल त्यांना पुढच्या वेळी वेगळं बोलू द्या.